बियाणं, पीठ आणि दोनशे फुटांचा मनोरा

अलाबामा राज्यात जॅस्पर नावाचं चौदा हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या ‘डब्ल्यूजेएलएक्स’ या रेडिओ स्टेशनचा मनोरा गावाबाहेर, कोंबड्यांच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यामागच्या झाडीत उभा होता. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथलं रान साफ करायला माणसं पाठवली, तर त्यांचा उलटा निरोप आला, की मनोरा जागेवर नाही. दोनशे फूट उंचीचा लोखंडी मनोरा! त्याला ताणून धरणाऱ्या तारा कापलेल्या होत्या आणि शेजारच्या खोलीतला ट्रान्समीटरही गेला होता.

बातमी जगभर फिरली. लोक हसले. मनोरा नेमका कधी नाहीसा झाला यावरून पुढं तर्कवितर्कही पुष्कळ झाले. माझं लक्ष मात्र बातमीच्या शेपटाकडं गेलं. या स्टेशनचे कार्यक्रम एफएमवरही लागत. पण कायद्याच्या लेखी ती एफएम वाहिनी म्हणजे मीडियम वेव्हवरच्या मूळ स्टेशनची नुसती नक्कल. मूळ बंद, तर नक्कलही बंद. स्टेशननं तात्पुरती सवलत मागितली, ती केंद्रीय दळणवळण आयोगानं नाकारली. ज्या मनोऱ्याकडं गावानं वर्षानुवर्षं मान वर करून पाहिलं नसेल, तो गेल्यावर गावचं स्टेशन मुकं झालं.

जॅस्परचं हे स्टेशन १२४० किलोहर्ट्झवर होतं. हा आकडा महत्त्वाचा आहे. अमेरिकेत मीडियम वेव्हवर १२३०, १२४०, १३४०, १४००, १४५० आणि १४९० अशा सहा जागा खास लहान गावांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. मोठ्या शहरांतली मातबर स्टेशनं ५०,००० वॅटनं बोलतात आणि रात्री अर्ध्या देशात ऐकू जातात. या सहा जागांवरच्या स्टेशनांना मात्र सुरुवातीला जेमतेम अडीचशे वॅट मिळत. आता फार तर हजार. एकाच जागेवर देशभरातली शंभराहून जास्त स्टेशनं दाटीवाटीनं बसवलेली. दिवसा ज्याचा त्याचा आवाज आपापल्या पंचक्रोशीत राहतो. रात्री सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळून नुसता कालवा ऐकू येतो. रेडिओच्या धंद्यातले लोक या जागांना ‘कबरस्तान’ म्हणतात.

दिवसाचा आणि रात्रीचा हा फरक कशामुळं पडतो, ते ज्यानं लहानपणी रात्री उशिरा रेडिओची कळ फिरवत दूरची स्टेशनं धरली असतील त्याला अनुभवानं ठाऊक असतं. दिवसा उन्हामुळं वातावरणाच्या वरच्या भागात एक थर तयार होतो आणि तो मीडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य बुडाला की हा थर विरतो, लहरी त्याच्याही वर जाऊन परावर्तित होतात आणि शेकडो मैलांवर उतरतात. म्हणून अमेरिकेतल्या हजारो लहान स्टेशनांना परवानाच मिळे तो सूर्योदय ते सूर्यास्त एवढा. शेतकऱ्यासारखं त्यांचं वेळापत्रक सूर्यावर. डिसेंबरात पाचच्या आतबाहेर दिवस मावळला की राष्ट्रगीत वाजवून दुकान बंद. गावच्या शाळेचा बास्केटबॉलचा सामना संध्याकाळी सात वाजता असतो आणि गावाला ऐकायचा असतो तो नेमका तोच, पण नाइलाज.

मुळात एवढ्या लहान गावांत रेडिओ आला कसा, आणि त्याचा खर्च कुणी केला?

पहिला धडा मोठ्या शहराचाच आहे. २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री पिट्सबर्गच्या ‘केडीकेए’नं राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल वाचून दाखवले. त्यामागं वेस्टिंगहाउस ही कंपनी होती आणि तिला रेडिओ संच विकायचे होते. ऐकायला काही असल्याशिवाय संच घेणार कोण? दोन वर्षांत देशात पाचशेहून जास्त स्टेशनं झाली. वर्तमानपत्रं, विद्यापीठं, चर्च, कोंबड्या विकणारे, गाड्या विकणारे, ज्याला परवाना हवा त्याला तो मिळत होता. आपल्याकडं घरातल्या संचाचा परवाना दरवर्षी पोस्टात जाऊन नवा करून आणावा लागे. ब्रिटनची ती पद्धत आणि त्या पैशावर सरकारी प्रक्षेपण. अमेरिकेत ऐकणाऱ्याकडून कुणी छदाम घेतला नाही. मग खर्च काढायचा कुणी, तर ज्याला काही विकायचं आहे त्यानं. गावच्या रेडिओचं सगळं बरंवाईट या एका गोष्टीतून आलेलं आहे. तो जन्मला दुकानात. लोकसेवा त्याच्याकडून घडली, खूप घडली, पण ती वाणसामानाच्या पुडीवर मिळणाऱ्या वरताव्यासारखी.

याचं सगळ्यात गोड उदाहरण म्हणजे शेननडोआ. आयोवा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं, मक्याच्या शेतांनी वेढलेलं, पाच हजार वस्तीचं गाव. गावात बियाणं विकणारे दोन मोठे व्यापारी होते, हेन्री फील्ड आणि अर्ल मे. दोघंही टपालानं बियाणं पाठवत, दोघांची जाडजूड सूचिपत्रकं शेतकऱ्यांच्या घराघरात. जवळच्या ओमाहा शहरातल्या स्टेशनवर एकदा गाणीबजावणी सादर करून आल्यावर फील्डच्या ध्यानात आलं, की सूचिपत्रकापेक्षा हे भारी आहे. १९२४ मध्ये त्यानं स्वतःचंच स्टेशन काढलं. नाव ‘केएफएनएफ’. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडच्या स्टेशनांची नावं ‘के’नं सुरू होतात आणि पूर्वेकडच्यांची ‘डब्ल्यू’नं, असा साधारण संकेत आहे, पुढच्या अक्षरांचा अर्थ ज्यानं त्यानं लावायचा. फील्डनं लावला तो असा, की मैत्र जपा, कपाळाला आठी नको. पुढच्याच वर्षी रस्त्यापलीकडच्या स्पर्धकानं, म्हणजे अर्ल मेनं, ‘केएमए’ सुरू केलं. पाच हजारांच्या गावात दोन रेडिओ स्टेशनं, आणि दोन्ही बियाण्याच्या दुकानांची.

हेन्री फील्ड माइकसमोर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसा बोलायचा. कांद्याचं बी आलंय, बटाट्याचं बेणं चांगलं आहे, आणि हो, यंदा सुकी आलुबुखारंही मागवलीत. बियाण्यापासून सुरू झालेला माल टायर, रंग, कॉफी, कपडे इथपर्यंत गेला. मधेमधे व्हायोलिनची जुनी गाणी, भजनं, बाजारभाव, हवामान. मे काही कमी नव्हता. १९२६ मध्ये ‘रेडिओ डायजेस्ट’ या मासिकानं वाचकांकडून मतं मागवून सर्वांत लोकप्रिय निवेदक निवडला, तो न्यू यॉर्कचा कुणी मधाळ आवाजाचा गृहस्थ नव्हता. तो शेननडोआचा बियाणेवाला अर्ल मे होता.

ऐकणाऱ्यांना आता बोलणारे पाहायचे होते. शरद ऋतूत दोन्ही दुकानं जत्रा भरवू लागली. फुकट पॅनकेक, फुकट कॉफी. चिखलाच्या रस्त्यांनी मोटारी घेऊन लोक यायचे, गावाच्या वस्तीच्या कितीतरी पट. मेनं तर मूरिश धाटणीचं नाट्यगृह बांधलं, त्याचं नाव ‘मेफेअर’. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये अवाढव्य जाड काच. लोकांनी गायक डोळ्यांनी पाहायचे आणि आवाज मात्र ध्वनिक्षेपकातून ऐकायचा, म्हणजे त्यांचं खोकणं प्रक्षेपणात जायला नको! समोर दहा हातांवर गाणारा माणूस लोक रेडिओवरून ऐकत होते, आणि त्यासाठी शेपन्नास मैल मोटार हाकत आले होते.

या दोन दुकानांतून जे सर्वांत टिकाऊ निघालं ते बियाणं नव्हतंच. १९२६ मध्ये फील्डची बहीण लिॲना ड्रिफ्टमायर स्वयंपाक, मुलं, घरकाम यांबद्दल बोलू लागली. ती सात मुलांची आई. कार्यक्रमाचं नाव पुढं ‘किचन-क्लॅटर’ झालं. भांड्यांची खणखण आणि गप्पांची किणकिण, दोन्ही त्यात आलं. १९३० मध्ये मोटारीच्या अपघातात तिच्या पाठीचा कणा मोडला. तिनं कार्यक्रम थांबवला नाही, घरातूनच बोलत राहिली आणि उरलेलं आयुष्य चाकाच्या खुर्चीत काढलं. कार्यक्रमाच्या जोडीला त्याच नावाचं मासिक निघालं, खाद्यपदार्थांचे अर्क निघाले, मुली मोठ्या होऊन माइकसमोर बसल्या. हा गप्पांचा गाडा १९८० च्या दशकापर्यंत चालला.

‘केएमए’नंही आपल्या निवेदिका उभ्या केल्या. या निवेदिकांना सरसकट ‘रेडिओ होममेकर’ म्हणत. त्यांतल्या एव्हलिन बर्कबी १९५० मध्ये आल्या. स्थानिक वर्तमानपत्रातलं त्यांचं सदर त्याआधीच सुरू झालं होतं आणि ते दशकानुदशकं चाललं; २०२१ मध्ये शंभरी उलटून त्या गेल्या. या बायकांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याच्या शीर्षकात ‘शेजार’ या नामाचं क्रियापद केलेलं आहे, हवेतून शेजार करणं. मला तो शब्द फार नेमका वाटतो. मक्याच्या शेतातलं घर म्हणजे जवळचा शेजार अर्ध्या मैलावर, हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली. घरातली बाई दिवसभर एकटी. अकरा वाजता एक ओळखीचा आवाज येतो, आज आमच्याकडं पाहुणे होते म्हणून सांगतो, धाकट्याला गोवर आलाय म्हणतो, मग केकचं साहित्य हळूहळू सांगतो, पेन्सिल घेऊन बसलेल्या बाईला उतरून घेता येईल इतकं हळू. पाककृती हे निमित्त. त्यात पीठही विकलं जायचं, हे खरंच आहे, आणि बायकांना ते कळत नव्हतं असं समजण्याचं कारण नाही.

जाता जाता एक गोष्ट. १९४० च्या दशकात आइक एव्हरली नावाचा गिटारवादक बायको-मुलांसह शेननडोआला नोकरीला आला. पहाटे उठून सगळं कुटुंब ‘केएमए’वर गायचं आणि मग मुलं शाळेत जायची. डॉन आणि फिल ही ती मुलं. पुढं सगळ्या जगानं त्यांना ‘एव्हरली ब्रदर्स’ म्हणून ओळखलं.

पण दुकानात बियाणंच विकलं जाईल असं थोडंच आहे? शेननडोआच्या दक्षिणेला कॅन्ससमध्ये मिलफर्ड नावाचं खेडं आहे. तिथं जॉन ब्रिंकली नावाचा ‘डॉक्टर’ पुरुषांच्या अंगात बोकडाच्या वृषणाचे तुकडे बसवून गेलेलं पौरुष परत आणून देत असे. एका शस्त्रक्रियेचे साडेसातशे डॉलर. १९२३ मध्ये त्यानं ‘केएफकेबी’ हे स्टेशन काढलं. गाणी, भजनं, शेतीचे भाव सगळं होतंच. शिवाय ‘वैद्यकीय प्रश्नपेटी’ होती. श्रोत्यांची पत्रं वाचायची, माणूस न पाहता निदान करायचं आणि नंबर घातलेली औषधं सांगायची. ती औषधं ठरलेल्या औषधविक्रेत्यांकडंच मिळत आणि विक्रीतला वाटा डॉक्टरांकडं येई. अर्ल मेला गौरवणाऱ्या त्याच मासिकाच्या मतदानात पुढं हे स्टेशन देशात पहिलं आलं.

१९२७ मध्ये अमेरिकेनं रेडिओ कायदा केला. लहरी जनतेच्या मालकीच्या, परवानाधारकानं ‘सार्वजनिक हित, सोय किंवा गरज’ सांभाळावी, हे सूत्र त्यात आलं. ब्रिंकलीच्या प्रकरणात त्या सूत्राची पहिली मोठी कसोटी लागली. १९३० मध्ये तेव्हाच्या रेडिओ आयोगानं त्याचा परवाना नवा करायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी न्यायालयानं तो निर्णय उचलून धरला. त्याची वैद्यकीची सनदही गेली. तर हा पठ्ठ्या राज्यपालपदाच्या निवडणुकीला उभा राहिला! मतपत्रिकेवर नाव छापायची मुदत टळलेली, म्हणून लोकांनी हातानं नाव लिहून त्याला एक लाख ऐंशी हजारांहून जास्त मतं दिली. त्यानंतर त्यानं टेक्ससच्या सीमेवर, रिओ ग्रांदेच्या पलीकडं, मेक्सिकोच्या हद्दीत मनोरा उभारला आणि अमेरिकी कायद्याच्या टप्प्याबाहेरून लाखो वॅटनं पुन्हा तेच सुरू केलं. १९४२ मध्ये तो कफल्लक होऊन मेला.

हेन्री फील्डही १९३२ मध्ये सिनेटच्या निवडणुकीला उभा राहिला होता. पक्षाची उमेदवारी त्यानं मिळवली, निवडणूक हरला. रोज घरात येणारा आवाज मत मागायला आला तर लोक देतात, हे दोघांनीही ओळखलं होतं. एक बियाणं विकत होता, दुसरा भोंदूगिरी. माइक दोघांचा सारखाच होता, सूरही सारखाच आपुलकीचा. ब्रिंकलीला अपवाद म्हणून बाजूला काढणं सोयीचं आहे, पण मला ते पटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या गोष्टीचा खरा बहर आला. १९४५ मध्ये देशात मीडियम वेव्हची नऊशेच्या आसपास स्टेशनं होती. पाच वर्षांत ती दोन हजारांच्या वर गेली, आणि नव्यांतली बरीचशी अशा गावांत, जिथं आधी एकही नव्हतं. सैन्यात वायरलेस शिकलेले तरुण परतले होते, जुनी सामग्री स्वस्तात मिळत होती. गावाबाहेर शेतात मनोरा, गावात औषधाच्या दुकानाच्या माडीवर किंवा मनोऱ्याखालीच सिमेंटच्या विटांची खोली. चारपाच माणसं. सकाळी जो बातम्या वाचतो तोच दुपारी जाहिराती गोळा करत दुकानं हिंडतो आणि रात्री शाळेच्या फुटबॉल सामन्याचं वर्णन करतो.

त्या स्टेशनांचा दिवस साधारण एकाच साच्याचा होता. पहाटे डुकरांचे, मक्याचे, सोयाबीनचे भाव. मग दवाखान्यात कोण दाखल झालं, कोण घरी गेलं. आज कुणाचा वाढदिवस. शाळेत दुपारच्या जेवणाला काय आहे. बर्फ पडलं तर कुठल्या शाळा बंद. निधनवार्ता ठरल्या वेळेला, मागं संथ ऑर्गन, आणि पुष्कळदा प्रायोजक गावचा अंत्यविधीवालाच. आणि सगळ्यात लोकप्रिय, ‘स्वॉप शॉप’. कुठं त्याला ‘ट्रेडिओ’ म्हणतात. फोन करायचा आणि काय विकायचं ते सांगायचं. जुनं धुलाईयंत्र आहे, कुत्र्याची पिल्लं आहेत, गवताच्या गासड्या आहेत, खाटेचा फक्त सांगाडा हवाय. वस्तूपेक्षा ती विकायचं कारण लोक कान देऊन ऐकत. पाळणा विकायला काढला म्हणजे काय ते गावाला समजे.

गाण्यांच्या धंद्यालाही ही स्टेशनं म्हणजे वेशीवरचा नाका. १९६० मध्ये लोरेटा लिन ही केंटकीच्या कोळसाखाणीतल्या कामगाराची मुलगी आपली पहिली तबकडी घेऊन नवऱ्याबरोबर मोटारीनं निघाली आणि वाटेत मनोरा दिसेल त्या स्टेशनात शिरून ‘एवढी वाजवा’ म्हणत राहिली. ती गाडीतच झोपे. असं शिरता येत होतं, कारण आत माणूस असे आणि काय वाजवायचं ते तोच ठरवत असे.

या चित्रात सगळं गाव नव्हतं, हेही सांगायला हवं. ज्याच्याशी ‘शेजार’ केला जात होता तो बहुतेक ठिकाणी गोरा शेजार होता. दक्षिणेत मिसिसिपीकाठच्या हेलेना गावात १९४१ च्या नोव्हेंबरात ‘केएफएफए’ सुरू झालं, तेव्हा तिथं दुपारी सव्वाबाराला काळे संगीतकार बसवले गेले ते कुणाच्या उदारपणानं नव्हे. गावच्या घाऊक किराणा कंपनीला ‘किंग बिस्किट’ नावाचं पीठ काळ्या गिऱ्हाइकांना विकायचं होतं. माउथऑर्गन वाजवणारा सनी बॉय विल्यमसन आणि गिटारवर रॉबर्ट लॉकवुड. कार्यक्रमाचं नाव पिठाच्याच नावावरून, ‘किंग बिस्किट टाइम’. कापसाच्या मळ्यांत दुपारच्या जेवणाला काम थांबलं की लोक ऐकायला बसत. त्या ऐकणाऱ्यांत तरुण बी. बी. किंगही होता. वादकांचा खरा मोबदला असा, की आज रात्री आपण कुठं वाजवणार आहोत ते त्यांना माइकवरून सांगता येई. कंपनीनं मग ‘सनी बॉय’ नावाचं मक्याचं पीठच काढलं, पोत्यावर त्याचं चित्र छापून.

पीठ विकण्यासाठी काढलेली ती पंधरावीस मिनिटं ब्लूजच्या इतिहासातली सर्वांत मोलाची ठरली. १९५१ पासून सनी पेन हा गोरा निवेदक कार्यक्रम सांभाळू लागला आणि २०१८ मध्ये मरेपर्यंत सांभाळत राहिला. सदुसष्ट वर्षं एकाच दुपारी! हेलेना दरम्यान ओसरत गेलं, दुकानांना कुलपं लागली. कार्यक्रम दुपारच्या वेळेला लागत राहिला.

दुकानांना कुलपं लागणं हीच तर मेख आहे. गावचा रेडिओ जगत होता तो मेन स्ट्रीटवर. चपलांचं दुकान, लोखंडसामान, फोर्डची एजन्सी, औषधवाला, दोन बँका. १९६२ मध्ये आर्कन्सॉतल्या रॉजर्स गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं आणि पुढच्या तीस वर्षांत गावागावांच्या वेशीवर तशी अवाढव्य दुकानं उभी राहिली. त्यांचा जाहिरातीचा हिशोब दूरच्या मुख्यालयात होतो. मेन स्ट्रीटवरचं एकेक शटर खाली आलं, तसा रेडिओचा एकेक जाहिरातदार कमी झाला. श्रोते तेवढेच होते, पण श्रोत्यांनी कधी पैसे दिलेच नव्हते.

त्यात १९९६ चा कायदा आला. विसाव्या शतकाच्या मध्यावर एका मालकाला देशभरात मीडियम वेव्हची सात आणि एफएमची सात स्टेशनं ठेवता येत. ही मर्यादा हळूहळू वीस-वीसपर्यंत सैल झाली होती. फेब्रुवारी १९९६ मध्ये क्लिंटन यांच्या सहीनं ती पुरतीच गेली. क्लिअर चॅनल ही टेक्ससची कंपनी काही वर्षांत बाराशेहून जास्त स्टेशनांची मालक झाली. कर्जावर घेतलेली स्टेशनं परवडायची तर पगार कापायला हवेत. मग एका शहरातला निवेदक दहा गावांसाठी आवाज ध्वनिमुद्रित करू लागला, मधूनमधून त्या त्या गावच्या चौकाचं नाव पेरून. ऐकणाऱ्याला वाटावं, की माणूस इथंच आहे.

१८ जानेवारी २००२ च्या रात्री दीडनंतर उत्तर डकोटातल्या मायनॉट शहराच्या कडेला मालगाडीचे ३१ डबे घसरले. पाच टाक्या फुटल्या आणि निर्जल अमोनियाचा ढग कडाक्याच्या थंडीत वस्तीवर पसरला. एक माणूस गेला, अकरा जण गंभीर जखमी झाले आणि तीनशेहून जास्त जणांना कमीअधिक इजा झाली. मायनॉटची सहाही व्यावसायिक स्टेशनं क्लिअर चॅनलची होती. पोलिसांनी रेडिओला फोन लावले. कुणी उचलले नाहीत. लोक अंधारात रेडिओ लावून बसले, तर गाणी चालू होती.

मायनॉटची ही रात्र पुढं मालकी एकवटण्याविरुद्धच्या सगळ्या भाषणांत आली. एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाच्या पुस्तकाची सुरुवातच तिच्यापासून होते. कंपनीचं म्हणणं वेगळं होतं. स्टेशनात माणूस होता, आणि आपत्कालीन इशारा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा पोलिसांनी नीट बसवून घेतलेली नव्हती, असं तिनं सांगितलं. यंत्रणेबाबतच्या आक्षेपात तथ्य होतं. पण यंत्रणा नसताना पोलिसांनी दारावर धाव घेतली असती, तर जुन्या दिवसांत दार उघडायला शेजारच्या गल्लीतून मालकच आला असता, एवढं म्हणायला जागा आहे. २०१७ मध्ये तर स्टेशननं आपल्या गावात स्टुडिओ ठेवलाच पाहिजे हा जुना नियमही दळणवळण आयोगानं काढून टाकला. क्लिअर चॅनलनं मधल्या काळात ‘आयहार्टमीडिया’ असं नाव घेतलं आणि २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

उलट बाजूनं कुणी हातपाय हलवलेच नाहीत असं नाही. २००० मध्ये आयोगानं शंभर वॅटच्या, बिनफायद्याच्या एफएम स्टेशनांना परवाने द्यायचं ठरवलं. तीनचार मैलांच्या टप्प्याची ही चिमुकली स्टेशनं. मोठ्या प्रक्षेपकांच्या संघटनेनं ओरड केली, की आमच्या लहरींत खरखर होईल. सार्वजनिक रेडिओनंही त्यांच्याच सुरात सूर मिसळला, हे मला अजून खटकतं. संसदेनं योजनेचे पंख कापले. पुढं तपासणीत खरखरीची भीती फोल ठरली, तरी नवा कायदा व्हायला २०११ उजाडलं. दरम्यान २००५ च्या ऑगस्टात कॅटरिना वादळ मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा बे सेंट लुइस गावातलं ‘डब्ल्यूक्यूआरझेड’ हे असलंच चिमुकलं स्टेशन चालू राहिलं. पाणी कुठं मिळेल, रस्ता कुठला खुला आहे, ते त्यावरून कळे. प्रशासनानं लोकांना बॅटरीवर चालणारे रेडिओ वाटले, ते ऐकण्यासाठी.

अलास्कातल्या बेथेलला तर वादळाचीही गरज नाही. आसपासच्या पन्नासेक वस्त्यांना जोडणारा रस्ताच नाही. नदी, बर्फ आणि लहान विमानं. तिथलं ‘केवाययूके’ १९७१ पासून इंग्रजीत आणि युपिक भाषेत बोलतं. नदीवरचा बर्फ किती जाड आहे, गाडी न्यायची की नाही, हे तिथं बातमीपत्रात येतं. असल्या ठिकाणी दुकानदार कितीसे असणार? खर्चाचा मोठा वाटा वॉशिंग्टनहून यायचा. २०२५ च्या जुलैत संसदेनं सार्वजनिक प्रक्षेपणासाठी आधीच मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि ते वाटणाऱ्या महामंडळानं गाशा गुंडाळायला घेतला. मोठ्या शहरांतली सार्वजनिक स्टेशनं देणग्यांवर तगतील. बेथेलकडं देणगीदार कुठले?

शेननडोआचं ‘केएमए’ अजून ९६० किलोहर्ट्झवर लागतं. अर्ल मेच्या नावाची रोपं-बियाण्यांची दुकानंही आहेत. मधेच मोटार कंपन्यांनी विजेच्या गाड्यांतून मीडियम वेव्ह काढून टाकायला घेतलं, कारण मोटरीमुळं खरखर होते. फोर्डनं २०२३ मध्ये तसं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागं घेतलं. त्या ओरडणाऱ्यांत एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्षांचे सिनेटर होते, मार्की आणि क्रूझ.

केंटकीच्या डोंगरात व्हाइट्सबर्ग नावाचं खाणीचं गाव आहे. ॲपलशॉप या तिथल्या कलासंस्थेनं १९८५ मध्ये ‘डब्ल्यूएमएमटी’ हे एफएम स्टेशन सुरू केलं. ते काहीच विकत नाही. कोळसा संपत आला तसे पलीकडच्या व्हर्जिनियात, डोंगरमाथे सपाट करून, मोठे तुरुंग बांधले गेले. दूरच्या शहरांतून आणलेले कैदी, बहुतेक काळे. त्यांच्या घरच्यांना भेटीला यायचं तर दहादहा तासांचा प्रवास. स्टेशनवर हिप-हॉपचा एक कार्यक्रम होता. तुरुंगातून त्याला पत्रं येऊ लागली, तेव्हा निवेदकांना कळलं, की आपल्या लहरी डोंगर ओलांडून भिंतींच्या आत पोचतायत. मग घरच्यांनी फोन करायचा आणि बोललेलं हवेवर सोडायचं, असं सुरू झालं. ‘कॉल्स फ्रॉम होम’. २०२२ च्या जुलैत नदीला महापूर आला आणि ॲपलशॉपच्या इमारतीत पाणी शिरलं, पण स्टेशन टिकलं.

सोमवारी रात्री हे फोन लागतात. आई म्हणते, तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस. लहान मुलगी शाळेतलं काही सांगते, मधेच विसरते, मागून कुणीतरी आठवण करून देतं. डोंगरापलीकडं कोठडीत कुणी छोटा रेडिओ कानाशी धरलेला असतो. त्याला उत्तर देता येत नाही. फोन ठेवला जातो आणि पुढचा लागतो.